सकाळची चूक, संध्याकाळचा शेरा

‘वर्गात लक्ष नाही. वही अपूर्ण. इतरांना त्रास देतो. पालकांनी नोंद घ्यावी.’

लाल शाईतल्या या चार वाक्यांवरून घरोघरी रोज संध्याकाळी रडारड होते. आई कामावरून येते, चहा ठेवते, डायरी उघडते आणि पोराला समोर उभं करते. ‘काय केलंस आज?’ पोरगं गप्प. सकाळी साडेआठला गणिताच्या तासाला नेमकं काय झालं, ते संध्याकाळी सातला त्याला सांगता येत नाही. आईला वाटतं, लपवतोय. मग वडील आल्यावर तोच प्रश्न चढ्या आवाजात. शेवटी शेऱ्याखाली सही होते, दप्तर भरलं जातं आणि दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला परत तेच.

एडीएचडी असलेल्या मुलांविषयी बोलतोय. अवधान टिकत नाही, हात-पाय आणि जीभ आवरत नाहीत, हातातलं काम अर्ध्यावर सुटतं, अशी ही मुलं. जगभरच्या अभ्यासांमधून त्यांचं प्रमाण साधारण ५ टक्के दिसतं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तीन. शाळेने त्यांच्यासाठी काय करावं यावर शिबिरं होतात, भाषणं होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की मदत जिथे काम अडतं तिथे आणि अडतं त्याच क्षणी व्हायला हवी. उशिराची मदत या मुलांपर्यंत पोचत नाही. आणि आपल्या शाळांची सगळी हत्यारं उशिराचीच आहेत. शेरा संध्याकाळी, ओपन हाऊस चाचणीनंतर, निकाल वर्ष संपल्यावर. बैल गेला नि झोपा केला, आणि तोही दर सत्रात नव्याने.

या मुलांना नियम माहीत नसतात असं कुणी समजू नये. मधल्या सुट्टीत विचारा, ‘वर्गात कसं वागायचं रे?’ धडाधड दहा नियम म्हणून दाखवतील. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले गेली कित्येक दशकं हेच सांगत आले आहेत की अडचण कळण्यात नाही, कळलेलं ऐन वेळी वापरण्यात आहे. मग ‘समजावून सांगितलं तरी ऐकत नाही’ या तक्रारीत काय राहिलं? समजलेलं आहेच. समजावणं थांबवा आणि त्या क्षणाला हात द्या.

२००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूचे स्कॅन ताडून पाहिले. मेंदूच्या बाह्य आवरणाचा निम्मा भाग जाडीच्या शिखरावर पोचतो ते वय एडीएचडी नसलेल्या गटात साडेसात वर्षं निघालं, असलेल्या गटात साडेदहा. सगळ्यात जास्त उशीर पुढच्या भागात. स्वतःला आवरणं, कामाचा क्रम लावणं हे जिथून चालतं तिथेच. चौथीतल्या मुलाला चौथीचं गणित येत असतं, पण स्वतःला आवरण्याची त्याची ताकद बरीच खालच्या इयत्तेतली असू शकते. ‘एवढा घोडा झालास तरी कळत नाही?’ असं त्याला विचारणाऱ्यांनी हे आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत.

आता वर्गात चला. शेवटचा तास. घंटा व्हायला एक मिनिट आहे आणि बाई गृहपाठ सांगतायत. ‘पान बेचाळीस, स्वाध्याय तिसरा, दोन ते पाच. उद्या वह्या तपासणार. कंपास आणा. ज्यांची फी राहिली त्यांनी चिठ्ठी न्या.’ एका दमात एवढ्या सूचना. चहूकडे दप्तरांच्या चेन सरसरतायत, बाक घासतायत, दाराबाहेर दुसऱ्या वर्गाची रांग लागलीय. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने ‘पान बेचाळीस’ लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं. टोकयंत्र काढायला दप्तरात हात घातला, तर हाताला डब्यातला चमचा लागला. चमचा इथे कसा? डबा उघडा राहिला का? डबा बघितला. भाजीचं तेल इंग्रजीच्या वहीला लागलं होतं. वही पुसायला रुमाल शोधला. घंटा झाली. डायरीत दोन शब्द आहेत: ‘पान बेचाळीस’.

कुठल्या विषयाचं, तेही नाही.

दुसऱ्या दिवशी ‘गृहपाठ अपूर्ण’. त्याच्यासाठी शिक्षा. शिक्षेसाठी शेरा. शेऱ्यावरून घरी मार. या एवढ्या रामायणाचं मूळ त्या एका मिनिटात आहे, आणि त्याच मिनिटात ते थांबवता येतं. गृहपाठ तास संपायच्या पाच मिनिटं आधी फळ्याच्या त्याच कोपऱ्यात, रोज, लिहून ठेवा. शेजारच्या मुलाला सांगा, ‘त्याच्या डायरीवर एक नजर टाक रे.’ झालं. याला प्रमाणपत्र लागत नाही, अनुदान लागत नाही, मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

गणिताचंही तसंच. फळ्यावर दहा उदाहरणं. डोळे फळ्यावर जातात, वहीवर येतात, परत फळ्यावर जातात तोवर ओळ हरवलेली असते. तिसऱ्या उदाहरणाचे आकडे आणि चौथ्याची खूण असं काहीतरी वहीत उतरतं आणि उत्तर चुकतं. गणित येत असून चुकतं! अशा मुलाला तीनच उदाहरणं द्या, कागदावर लिहून द्या, आणि म्हणा, ‘झाली की मला आणून दाखव.’ तो उठतो, टेबलापर्यंत येतो, बरोबरची खूण घेतो, जागेवर जातो, पुढची तीन करतो. चालायची गरज भागली, शाबासकी तिथल्या तिथे मिळाली, बाकीच्या सत्तावन्न मुलांचा तास मोडला नाही.

‘पण त्याने नीट बसायला नको का?’

का? पाठ्यपुस्तक मांडीवर घेऊन एक पाय हलवत वाचणाऱ्याला वाचता येत नाही, हे कुणी ठरवलं? फ्लोरिडातल्या मार्क रॅपपोर्ट यांच्या गटाने ८ ते १२ वर्षांच्या मुलांना डोक्यात आकडे आणि अक्षरं धरून ठेवायची कामं देऊन पाहिलं. २०१५ साली छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की एडीएचडी असलेली मुलं जितकी जास्त हलत होती तितकं त्यांचं काम बरं होत होतं. आपण मात्र चाळीस मिनिटं त्याला ‘हात बांध, तोंडावर बोट, सरळ बस’ करतो. सगळं अवधान बसण्यावर खर्च होतं आणि शिकायला काही उरत नाही. भिंतीकडच्या शेवटच्या रांगेत उभं राहून लिहायची मुभा दिली, तर कुणाचं काय बिघडतं?

आणि आता जे मला सगळ्यात खटकतं ते.

पी.टी.चा तास काढून घेणं.

वही अपूर्ण? खेळायला जायचं नाही. बडबड केली? मधल्या सुट्टीत वर्गात बसायचं. ज्या मुलाला हालचालीची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमकं त्याचंच मैदान बंद. तो खिडकीच्या गजांना धरून खालची कबड्डी बघतो आणि त्याच्या पुढ्यात कालची अपूर्ण वही असते. नंतरच्या तासाला तो आणखी वळवळतो, मग आणखी एक शेरा. इलिनॉय विद्यापीठातल्या मॅथ्यू पॉन्टिफेक्स आणि चार्ल्स हिलमन यांच्या गटाने २०१३ मध्ये ८ ते १० वर्षांच्या ४० मुलांवर, त्यातल्या २० जणांना एडीएचडी होतं, साधा प्रयोग केला. एके दिवशी २० मिनिटं ट्रेडमिलवर झपझप चालणं, एके दिवशी २० मिनिटं बसून वाचन, आणि त्यानंतर चाचणी. चालून आल्यावर दोन्ही गटांतल्या मुलांचं वाचन आणि गणित सुधारलेलं दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने निवेदन काढलं की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी म्हणून मुलांची सुट्टी कापू नये. आपल्या शाळांत तर मैदान आधीच चिमूटभर. पी.टी.चे तास आठवड्याला दोन-तीन, त्यातला एक गणिताच्या सरांनी ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून उचललेला. उरलेला एक शिक्षेत घालवू नका. मुख्याध्यापकांनी सोमवारी प्रार्थनेनंतर शिक्षकांना एवढंच सांगावं: शिक्षा म्हणून कुणाचाही खेळ बंद करायचा नाही. त्या आठवड्यात फरक दिसेल.

शेऱ्याला पर्यायही आहे, आणि तो आजचा नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम पेलहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं वापरून तपासलेलं एक छोटं कार्ड असतं. त्यावर दोन किंवा तीनच गोष्टी, मुलाला जमतील अशा: ‘हात वर करून बोललो’, ‘दिलेली तीन उदाहरणं पूर्ण केली’. प्रत्येक तासानंतर शिक्षक हो-नाही खूण करतात आणि मुलाला तिथेच दाखवतात. घरी गेल्यावर कार्डावर जेवढ्या खुणा तेवढं काहीतरी त्याच दिवशी मिळतं: अर्धा तास सायकल, आवडीची गोष्ट, झोपताना बाबांबरोबर पत्त्यांचा एक डाव. आईला संध्याकाळी कळतं की आज सातपैकी चार तास बरे गेले. कोणते चार, तेही कळतं. मराठीचा तास नेहमी बरा जातो आणि विज्ञानाचा नेहमी बिघडतो असं महिन्याभरात दिसलं, तर बोलायला काहीतरी हाताशी येतं. ‘लक्ष नाही’ या शेऱ्यातून आईने काय करायचं?

साठ मुलं आहेत हो, असं बाई म्हणतील, आणि त्यांचं खरं आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला ३० विद्यार्थ्यांमागे एक आणि सहावी ते आठवीला ३५ मागे एक शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. तरी साठ-साठचे वर्ग डोळ्यांसमोर आहेत. त्यात निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, फोटो काढून पाठवा, लिंक भरा. शिक्षकाला शिकवायला वेळ ठेवायचा नाही आणि एडीएचडीच्या मुलासाठी वेगळं नियोजन मागायचं, हा अन्याय आहे. म्हणूनच वर सांगितलेलं सगळं मिनिटा-दोन मिनिटांचं आहे. आणि त्यातलं बरंचसं सगळ्या वर्गाच्या कामाचं आहे. फळ्याच्या कोपऱ्यातला गृहपाठ साठही जणांना लागतो.

काही शाळांनी मात्र वेगळीच वाट काढलीय. ‘तुमच्या मुलासाठी शॅडो टीचर आणा. पगार तुम्ही द्यायचा.’ ज्यांना परवडतं ते गुपचूप देतात. ज्यांना परवडत नाही त्यांना सुचवलं जातं की दुसरी शाळा बघा, इथे त्याला जमणार नाही, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. आईला हे मुलासमोर ऐकवलं जातं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. पालकांनी ही दोन कलमं पाठ करावीत, आणि ‘दुसरी शाळा बघा’ हे तोंडी न ऐकता लेखी मागावं. लेखी मागितलं की सूर बदलतो.

आणखी एक प्रश्न वर्गात सर्रास कानावर येतो. ‘आज गोळी घेतली नाहीस वाटतं?’ साठ मुलांसमोर. गोळी द्यायची की नाही हे बालमानसोपचारतज्ज्ञ आणि पालक ठरवतात. मिथाइलफेनिडेट हे औषध गेल्या शतकाच्या मध्यापासून वापरात आहे, बऱ्याच मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो, आणि योग्य देखरेखीखाली घेतलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मूल कोणती गोळी घेतं हे त्याच्या वर्गमित्रांना कळायचं कारण नाही. मधल्या सुट्टीत ‘गोळी, गोळी’ म्हणून चिडवणारी पोरं ते कुणाकडून शिकली?

याच्या उलट टोकही आहे. वर्गातलं जरा चुळबुळं पोर दिसलं की ‘याला एडीएचडी आहे, दाखवून घ्या.’ हे निदान शिक्षकाने करायचं नसतं. लक्षणं किमान सहा महिने टिकलेली हवीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, आणि घर व शाळा अशी किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ९ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २०१२ मध्ये आला. तिथे ३१ डिसेंबर ही प्रवेशाची वयमर्यादा. डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलग्यांवर एडीएचडीचा शिक्का बसण्याची शक्यता जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त निघाली, मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. निव्वळ लहान असणं हे दुखणं म्हणून नोंदलं गेलं. तेव्हा पहिलीतल्या मुलाबद्दल मत बनवायच्या आधी पटावरची त्याची जन्मतारीख बघा.

शिक्षकाचं काम निरीक्षण लिहून देणं हे आहे, आणि ते फार मोलाचं आहे. डॉक्टर वापरतात त्या कॉनर्स किंवा व्हँडरबिल्ट प्रश्नावल्यांमध्ये शिक्षकांसाठी स्वतंत्र भाग असतो. पुष्कळ शाळा तो भरून देत नाहीत. ‘उगाच आमच्यावर यायला नको.’ काय येणार आहे तुमच्यावर? दवाखान्यात मूल दहा मिनिटं दिसतं, तुमच्यासमोर रोज सहा तास असतं. तुमची दोन पानं कोरी राहिली, तर डॉक्टरांनी कशावरून ठरवायचं?

मुलींबद्दल तर कुणी तक्रारही करत नाही. ती पळत नाही, मारत नाही, ओरडत नाही. खिडकीजवळ बसते, वहीच्या मागच्या पानावर नक्षी काढते, नाव पुकारलं की दचकते. ‘शांत आहे हो, पण जरा स्वप्नाळू.’ सातवीपर्यंत घोकंपट्टीवर निभावतं. आठवी-नववीत विषय वाढतात, प्रकल्प येतात, तारखा सांभाळायच्या असतात, आणि सगळं एकदम कोसळतं. तोवर तिने स्वतःला ‘ढ’ ठरवून टाकलेलं असतं. ज्या वर्गात तीनही शेरे मुलग्यांच्याच डायऱ्यांत जातात, त्या वर्गात अशी एखादी मुलगी शोधायची राहून गेलेली असते.

उरला कायदा. ‘तारे जमीं पर’ २००७ मध्ये आला आणि अध्ययन अक्षमता घराघरांत पोचली. मुंबईतल्या पालिका रुग्णालयांमध्ये त्यासाठी तपासणी आहे, प्रमाणपत्र आहे, दहावीला जास्तीचा वेळ आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या यादीत २१ प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता त्यात आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडीचं नाव नाही. ज्या मुलाला एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमताही आहे, त्याला त्या दुसऱ्या नावावर सवलत मिळते. ज्याला फक्त एडीएचडी आहे त्याच्या आईला सांगतात, ‘यादीत नाही, मॅडम.’

अमेरिकेतही एकेकाळी हेच झालं होतं. तिथल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात एडीएचडीचं नाव नव्हतं आणि शाळा हात वर करत होत्या. पालकांनी रेटा लावला. सप्टेंबर १९९१ मध्ये तिथल्या शिक्षण विभागाने एक पत्रक काढून राज्यांना कळवलं की ‘आरोग्याच्या इतर अडचणी’ या आधीच असलेल्या सदरात ही मुलं बसू शकतात. नाव नाही म्हणून त्यांना परत पाठवू नका. पुढे १९९९ च्या नियमांमध्ये नावही आलं. आधी पत्रक, मग नियम.

आपल्या शालेय शिक्षण विभागाला रोज पत्रकं काढायची सवय आहे. एक याचंही काढा. एडीएचडीचं निदान तज्ज्ञाने लेखी दिलं असेल, तर चाचणीला पहिल्या बाकावर किंवा वेगळ्या खोलीत बसवणं, मोठी प्रश्नपत्रिका मध्ये पाच मिनिटांची विश्रांती देऊन दोन तुकड्यांत सोडवू देणं, वेळ संपत आल्याचं मुलाजवळ जाऊन सांगणं, खेळाचा तास न कापणं आणि डॉक्टरांची प्रश्नावली आठ दिवसांत भरून देणं, एवढं शाळेला बंधनकारक करा. आणि बोर्डाच्या जास्तीच्या वेळेचा प्रश्न केंद्राकडे न्या. यंदा नववीत असलेल्या मुलांचे दहावीचे अर्ज भरायच्या आत उत्तर यायला हवं.